झाकल्या मुठीचा कौल

बाहेरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, स्टुलं संपली, मग लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसले आणि उरलेले भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बाहेरच्या बोळात खुंट्यांवर कोटांवर कोट चढले होते. आणि एवढ्या माणसांच्या मधोमध, सतरंजीवर, एक तपकिरी कुत्रं कान टवकारून बसलं होतं.

त्याचं नाव लंपास. घरात आल्या दिवशीच त्यानं अर्धा पाव, एक मोजा आणि साबणाची वडी गायब केली, म्हणून सोफेवाल्या काकांच्या बायकोनं त्याचं हे नाव ठेवलं होतं. नाव त्यानं शेवटपर्यंत सार्थ केलं. तिच्या शेवटपर्यंत. ती जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

कुत्र्यासमोर काळा स्वेटर घातलेला, गुळगुळीत दाढी केलेला एक गृहस्थ बसला होता.

"मी बाबा नाही, बुवा नाही, महाराज तर नाहीच नाही," तो मऊ आवाजात म्हणाला. "मी फक्त मध्यस्थ. पलीकडची माणसं बोलत असतात. आपले कान मातीचे, म्हणून ऐकू येत नाही. जनावराचे कान लहरींचे. मी मधलं दार उघडून धरतो, एवढंच. 'हो' असेल तर हा जीव एकदा भुंकेल. 'नाही' असेल तर गप्प बसेल. आता सगळ्यांनी डोळे मिटा. उघड्या डोळ्यांसमोर पलीकडचं माणूस लाजतं."

माझी बायको आणि लाजणार? काकांच्या मनात आलं. भाजी घेताना ती घासाघीस करायची, तर तीन गल्ल्यांना भाव कळायचा. पण सगळ्यांनी डोळे मिटले, तसे त्यांनीही मिटले.

"माई, तुम्ही आलात का?"

"भो!"

खोलीभर श्वास अडकल्याचा आवाज झाला.

"तुम्ही छातीच्या दुखण्यानं गेलात?"

"भो!"

"जांभळी शाल तुम्हाला फार आवडायची?"

"भो!"

काकांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. ती शाल अजून कपाटात होती. आतापर्यंत ते मनाशी थट्टा करत होते. आता ती संपली.

मग त्यांच्या शेजारून लेकीचा आवाज आला. बारीक, शाळेतल्या पोरीसारखा. "आई, मी ऑपरेशन करून घेऊ का?"

लंपास भुंकला नाही. सतरंजीवर तो धप्पकन आडवा झाल्याचा आवाज तेवढा आला.

"आई नको म्हणतेय," मध्यस्थ हळूच म्हणाला. "डोळे उघडा."

काकांनी डोळे उघडले. लेकीचा चेहरा असा मोकळा झाला होता, जसा कित्येक आठवड्यांत झाला नव्हता. आणि नेमकी त्याचीच काकांना भीती वाटली.

*

लेकीच्या छातीत गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "गाठ लहान आहे. आत्ता काढली, तर बहुतेक निभावून जाईल. थांबलात, तर मी शब्द देऊ शकत नाही." ऑपरेशनचा दिवसही ठरला होता.

पण लेकीनं आईचं ऑपरेशन पाहिलं होतं. आई स्वतःच्या पायांनी आत गेली आणि बाहेर आली ती निराळीच बाई. त्यानंतर ती दिवसेंदिवस विरत गेली. लेकीच्या डोक्यात एकच बसलं, आईला सुरीनं मारलं. खरी गोष्ट वेगळी होती. आईनं ती गाठ घाबरून वर्षभर त्या जांभळ्या शालीखाली लपवली होती. सुरी आली तेव्हा उशीर झाला होता. काकांनी हे लेकीला हजारदा सांगून पाहिलं. भीती बहिरी असते.

त्यात लंपासनं एक नवं खूळ काढलं. आई असताना तिच्या आरामखुर्चीजवळ तिच्यादेखत फिरकायची त्याची छाती नव्हती. तिनं झाडू नुसता हातात घेतला, की स्वारी पसार. ती गेल्यावर मात्र रोज दिवेलागणीला तो त्या रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन बसायचा. नाक खुर्चीला लावायचा, शेपूट हलवायचा, कुणी जवळ आलं तर गुरगुरायचा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ते पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! त्याला दिसतेय ती!"

झालं. काकूंच्या ओळखीत एक मध्यस्थ होता, हे ओघानंच आलं.

कुत्र्यानं कौल दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात लेक मशीनवर सोफ्याचं कव्हर शिवत होती आणि काका एका जुन्या कोचाच्या पट्ट्या ताणून ठोकत होते. बाप-लेकीचं हे दुकान. तोडणं, ताणणं, ठोकणं बापाकडे, शिवण लेकीकडे.

"दवाखान्यात कळवून टाकलं मी," ती मशीन न थांबवता म्हणाली. "येत नाही म्हणून."

काकांच्या हातातली हातोडी तशीच राहिली. "कुत्र्याला विचारून?"

"आईला विचारून. बाबा, तुम्हीही ऐकलंत ना?"

"कुत्रं भुंकलं, एवढं ऐकलं."

"तुम्ही रडत होतात."

ते खरं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण त्या काडीला एकटी लेकच लोंबकळत नव्हती. तेही संध्याकाळी त्या खुर्चीशी बोलायला लागले होते. आज अमक्याचा कोच आला, आज तमक्यानं पुन्हा कापड बदललं. खुर्ची काही बोलायची नाही, पण लंपास शेपूट हलवायचा. तेवढ्यावर त्यांची रात्र निघायची.

"आणि ते मध्यस्थ पुन्हा येणार आहेत," लेक म्हणाली. "म्हणतात, असा जीव लाखात एक. तो एका घराचा राहिला नाही. त्याला ते चालवतात त्या केंद्रात न्यायचंय. तिथे शेकडो लोकांना उपयोग होईल."

"लंपासला? त्यांच्या केंद्रात एक चप्पल शिल्लक राहायची नाही."

लेक हसली नाही.

*

मध्यस्थ पुन्हा यायचा होता त्या दिवशी सकाळी लेक बाजारात गेली होती. काका चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर आरामखुर्चीखालून फक्त शेपूट दिसत होतं. आत कुरतडल्याचा आवाज.

"ए चोरा! काय चाललंय?"

शेपूट क्षणभर थांबलं आणि पुन्हा कामाला लागलं.

काका गुडघ्यांवर वाकले. खुर्चीच्या तळाचं कापड एका कोपऱ्यात फाटून लोंबत होतं. गावातल्या सगळ्या सोफ्यांचे तळ ज्यानं शिवले, त्याच्याच घरात हा कारभार. दिव्याखाली अंधार! पण ती गेल्यापासून त्यांनी त्या खुर्चीला हात लावला नव्हता. बैठकीत अजून तिच्या बसण्याचा खळगा होता. खुर्ची हलवली तर तो जाईल, अशी त्यांना धास्ती होती.

त्यांनी कप बाजूला ठेवला. मग त्यांनी खुर्ची उलटी केली.

खुर्चीच्या पोटातून लंपासचा खजिना जमिनीवर घरंगळला. दगडासारखे झालेले पावाचे तुकडे. टीव्हीचा रिमोट, ज्यावरून बाप-लेक आठवडाभर भांडले होते. एक मोजा. आणि तिचा चष्मा. आजारपणात सगळं घर उलटंपालटं केलं, तरी तो सापडला नव्हता. शेवटी तीच म्हणाली होती, "जाऊ द्या. मला आता कुठे वर्तमानपत्र वाचायचंय!"

काकांनी चष्मा सदऱ्याला पुसून खिशात ठेवला. म्हणजे हे होतं तर. लंपासला खुर्चीत कुणी दिसत नव्हतं. तो आपल्या मालावर पहारा देत होता.

ढिगाच्या वर एक नवी कोरी वस्तू होती. काळ्या मखमलीची, नाडी ओढून बंद होणारी, बोटभर पिशवी. काकांनी ती नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. सुकी मासळी. या घरात सुकी मासळी कधीच येत नव्हती. बायकोला तो वास सहन व्हायचा नाही. त्या दिवशी बोळात टांगलेल्या कोटांपैकी एका काळ्या कोटाच्या खिशात लंपासनं तोंड घातलं असणार. त्याची ती जुनीच सवय.

काकांनी पिशवी मुठीत दाबली आणि वर पाहिलं. लंपास समोर ताठ बसला होता. नजर मुठीवर खिळलेली. आणि त्यानं एकदाच, व्यवस्थित, शहाण्या मुलासारखं म्हटलं, "भो!"

काका त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

हे तर तिनं शिकवलं होतं! "या घरात विचारल्याशिवाय काही मिळत नाही," हा तिचा कायदा. लेकीला लहानपणी तोच, नवऱ्याला तोच आणि कुत्र्यालाही तोच. खाऊ मुठीत धरायची. समोर बसून एकदा भुंकायचं, की मूठ उघडणार. दोनदा भुंकला किंवा अंगावर आला, तर मूठ पाठीमागे. मूठ पाठीमागे गेली, की लंपास सुस्कारा टाकून आडवा व्हायचा. सगळ्या घरानं हा खेळ रोज पाहिला होता. आणि त्या दिवशी भर खोलीत तोच खेळ चालला, तरी एकालाही ओळखू आला नाही. कसा येणार? सगळ्यांचे डोळे मिटलेले!

"लंपास," काका मूठ पुढे धरून म्हणाले, "मी या गावचा राजा आहे?"

"भो!"

"सोफ्याला पाच पाय असतात?"

"भो!"

"डॉक्टरीणबाईंना शिंगं आहेत?"

"भो!"

काका हसले. ती गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून हसले. मग हसू ओसरलं. घरात कुणी नव्हतं. त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"ती इथे आहे?"

"भो!"

 एवढाच शब्द तर त्यांना वर्षभर हवा होता. तो इतका स्वस्त होता. त्यांनी मूठ पाठीमागे नेली आणि पुन्हा विचारलं,

"ती इथे आहे?"

लंपासनं सुस्कारा टाकला, आडवा झाला आणि पंजांवर डोकं ठेवलं.

 मग त्यांनी नाडी सोडून एक तुकडा लंपासला दिला. त्यानं रीतसर मागितला होता. कायदा म्हणजे कायदा.

लेक बाजारातून आली, तेव्हा खुर्ची जागेवर सरळ उभी होती. तिला सांगावं, असं दहादा काकांच्या ओठांवर आलं. पण सांगून तिनं आजवर काय ऐकलं होतं? तिला दिसायला हवं होतं.

*

संध्याकाळी गर्दी मागच्यापेक्षा जास्त. मध्यस्थानं सोबत एक नवा पट्टा आणला होता, लंपासला न्यायला.

"डोळे मिटा," तो म्हणाला.

"मी नाही मिटणार," काका म्हणाले.

खोलीत कुजबुज उठली. काकू वळून म्हणाल्या, "असं काय करता हो! तिला काय वाटेल?"

"मग त्या येणार नाहीत," मध्यस्थानं दुःखानं मान हलवली. "शंका म्हणजे लहरींपुढची भिंत."

"अख्खा संसार माझ्या उघड्या डोळ्यांसमोर केला तिनं. आताच काय लाज वाटायला लागली?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. पण लेक उठून उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबा, तुम्ही बाहेर जा."

"हे घर माझं आहे," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यातून लोखंड वाजत होतं. "कुत्रं तिचं आहे. आणि तू आम्हा दोघांची आहेस. मी हलणार नाही."

त्यांनी खिशातून ती काळी पिशवी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. "मध्यस्थसाहेब, तुमचं हे आमच्याकडे राहिलं होतं."

मध्यस्थाचा हात झटकन स्वतःच्या बाहीकडे गेला. तिथली पिशवी जागेवर होती. पण तो हात सगळ्यांनी पाहिला. आज खोलीतला एकही डोळा मिटलेला नव्हता.

काकांनी पिशवी मुठीत धरली. लंपास लगेच मध्यस्थाकडे पाठ करून त्यांच्यासमोर येऊन बसला.

"विचारा," काका लोकांना म्हणाले. "काय वाटेल ते विचारा."

 कोपऱ्यावरचा बेकरीवाला दारातून ओरडला, "माझी सासू पलीकडे सुखात आहे का?"

"भो!"

"अहो, पण ती घरी बसून माझ्या नावानं खडे फोडतेय! चांगली धडधाकट आहे!"

खोली हसून कोसळली. काकांनी मूठ पाठीमागे नेली. "आता विचारा."

"सासू सुखात आहे का रे बाबा?"

लंपास सुस्कारा टाकून आडवा झाला. पुन्हा मूठ पुढे. लंपास उठला. "भो!" पुन्हा मागे. आडवा. आता हसणाऱ्यांची तोंडं एकेक करून बंद व्हायला लागली, कारण मागच्या वेळी यातल्या बऱ्याच जणांनी आपली दुःखं या कुत्र्यापुढे ठेवली होती.

"तुम्ही त्याला लोभ दाखवलात," मध्यस्थ उठत म्हणाला. "जीव भ्रष्ट झाला. आता लहर येणार नाही."

"बसा की! कोट बाहेर आहे, बाह्या वर करा, रिकाम्या हातांनी एकच प्रश्न विचारा. कुत्रं बोललं, तर आजच्या आज घेऊन जा."

"आत्म्याची परीक्षा घेत नसतात."

"आत्म्याची कोण घेतंय? तुमची घेतोय."

मध्यस्थानं बाही वर केली नाही. "तुमचं दुर्भाग्य," असं काहीतरी पुटपुटत तो गर्दीतून वाट काढू लागला. लंपास त्याच्या बाहीचा वास घेत दारापर्यंत सोडायला गेला आणि परत आला तो तोंडात एक काळा हातमोजा घेऊन.

काकू रडवेल्या झाल्या होत्या. "मीच सांगितलं हो त्याला. जिन्यात विचारलं त्यानं, माई कशानं गेल्या, काय आवडायचं त्यांना. कुत्रं काही शिकलंय का, तेही विचारलं. मी आपली कौतुकानं मुठीचं सांगितलं. मग त्याच्या तोंडून तेच ऐकलं, तर मला वाटलं, बाई, याला कसं कळलं!"

"पण काका, काय मिळवलंत?" खिडकीतली एक बाई चिडून म्हणाली. "चार माणसांना समाधान मिळत होतं."

"मलाही मिळत होतं," काका म्हणाले. "तुमच्यापेक्षा जास्त. पण त्या समाधानाची किंमत माझी लेक भरणार होती."

लेक अजून उभीच होती. "आई आली होती असं वाटलं होतं मला," ती म्हणाली. "तुम्ही तिला परत घालवलीत."

"ती गेलीय, पोरी." काकांना हा शब्द पहिल्यांदा पुरा उच्चारता आला. "गेलीय. कुत्र्यातून येत नाही, खुर्चीत बसत नाही. आणि समज, क्षणभर आलीच असती, तर तुला नको म्हणायला आली असती? डोळे मिटून, शाल ओढून ती वर्षभर बसली आणि त्यानं काय झालं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तुझा कान धरून तिनं तुला दवाखान्यात नेलं असतं. रस्ताभर भांडत."

लेक आत गेली. दार लागलं. लोक खाली मान घालून आपापले कोट शोधू लागले.

*

सकाळी काका उठले, तर लेक सतरंजीवर बसली होती. समोर लंपास. तिनं मूठ पुढे धरली होती.

"आई आहेस?"

लंपासनं मूठ हुंगली आणि तोंड फिरवलं. मूठ रिकामी होती.

लेकीनं बशीतला पावाचा तुकडा उचलून मुठीत घेतला. "आई आहेस?"

"भो!"

तिनं मूठ उघडली आणि लंपास तुकडा खात असताना त्याच्या मानेत तोंड खुपसून ती रडली. काका दारातच थांबले. बऱ्याच वेळानं ती नाक पुसत म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना फोन लावा. पुन्हा दिवस देतील का, विचारा."

दिवस मिळाला. गाठ निघाली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वेळेवर आलात. पुढे औषधं नेटानं घ्यायची, तपासण्या चुकवायच्या नाहीत." काकांनी दोनदा विचारलं, तर त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांना डोळे मिटा म्हणावं लागलं नाही. गाठ कुठे होती, केवढी होती, काय काढलं, सगळं त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवलं.

मग काकांनी आरामखुर्ची दुकानात नेली. पट्ट्या नव्या घातल्या, तळ नवा लावला, आणि एका कोपऱ्यात कापड मुद्दाम मोकळं सोडलं. लंपासची तिजोरी आहे ती. तिच्यावर पहारा द्यायला तो आजही दिवेलागणीला येतो. फरक एवढाच, की खुर्चीत आता काका बसलेले असतात.

तो मध्यस्थ दुसऱ्या गावात गेला म्हणे. तिथेही कुणाचं तरी माणूस गेलेलं असेल, कुणाची तरी गाठ असेल. म्हणून ही गोष्ट सांगायची. जादू कुत्र्यात नव्हती, लहरीत नव्हती. चिमूटभर मासळी होती, एक शिकवलेली सवय होती, जिन्यात बोललेल्या चार गोष्टी होत्या आणि आपण मिटलेले डोळे होते. पहिल्या तीन वस्तू तो स्वतः जमवतो. चौथी आपण देतो, तेव्हाच त्याची झाकली मूठ सव्वा लाखाची होते.

ती देऊ नका. कुणी डोळे मिटा म्हटलं, तर आधी त्याला मूठ उघडायला सांगा. आणि तो चिडला, तर सरळ सांगा, आमच्या घरात विचारल्याशिवाय काही घेत नाहीत. कुत्रंसुद्धा.